बीआरसीए चाचणी: वंशावळ मांडण्यापासून नातेवाइकांना सांगण्यापर्यंत

"आमच्याकडे कुणालाच नाही हो कॅन्सर," असं ठामपणे सांगणारी बाई वीस मिनिटांनी बोलता बोलता म्हणते, "आत्या तेवढी गेली लवकर. पोटात पाणी झालं होतं तिच्या." कॅन्सरच्या रुग्णांचं जनुकीय समुपदेशन हे माझं काम, आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मी आता त्याची वाटच बघते. पोटात पाणी यकृताच्या आजारानं होतं, क्षयानंही होतं. पण चाळिशीतल्या बाईच्या पोटात पाणी म्हटलं की अंडाशयाचा कॅन्सर मनात आणावाच लागतो. आणि समोरच्या बाईला स्तनाचा कॅन्सर असेल, तर ती आत्या अचानक फार महत्त्वाची होते.

घरात नुकतंच स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय आणि डॉक्टरांनी "बीआरसीए करून घ्या" असं सांगितलंय, अशांसाठी हा लेख आहे. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या दोन जनुकांत वारशानं आलेला दोष आहे का, हे ही चाचणी बघते. स्तनाच्या दर १०० कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० वारशानं आलेल्या जनुकीय दोषातून होतात. म्हणजे बहुतेकींचा रिपोर्ट निगेटिव्हच येतो. ज्यांचा पॉझिटिव्ह येतो, त्यांच्या घरात मात्र बरंच काही बदलतं.

आधी थोडं: बिघडतं काय?

पेशीत डीएनएचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक वडिलांकडचा. एकेका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. दर दिवशी प्रत्येक पेशीत या मजकुराला हजारो ठिकाणी इजा होते, नुसत्या श्वासोच्छ्वासानं आणि पचनानंसुद्धा. जवळजवळ सगळी इजा तिथल्या तिथे दुरुस्त होते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सगळ्यात वाईट इजा म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणं. सातबाऱ्याचा कागद मधोमध फाटला असं समजा. एक उपाय म्हणजे दोन्ही कडा ओढून चिकटपट्टी लावणं. काम लगेच होतं, पण फाटलेल्या कडेवरची दोन-चार अक्षरं जातात, आणि ढिगात असेच आणखी कागद फाटलेले असतील तर एकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला चिकटायचा. दुसरा उपाय म्हणजे त्याच उताऱ्याची दुसरी प्रत शेजारी ठेवून गेलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून काढणं. पेशी विभागण्याआधी डीएनएची नवी प्रत तयार झालेली असते, तेव्हा हा दुसरा उपाय तिला करता येतो.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं या दुसऱ्या उपायाची माणसं पुरवतात. बीआरसीए१ तुटलेल्या कडा साफ करून घेतं. पीएएलबी२ नावाचं आणखी एक जनुक मधला दुवा होतं. बीआरसीए२ हे आरएडी५१ नावाच्या प्रथिनाला हाताला धरून आणतं आणि तुटलेल्या धाग्यावर बसवतं, मग तो धागा जुळणारी प्रत शोधतो. यातलं एक माणूस कायमचं गैरहजर झालं की पेशीजवळ उरते ती चिकटपट्टी. प्रत्येक विभाजनात थोडा मजकूर गळतो, गुणसूत्रांचे तुकडे भलत्याच जागी चिकटतात. यालाच जनुकीय अस्थिरता म्हणतात.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या, पुढे उपचारांत ती लागणार आहे. दोष वारशानं येतो तो जनुकाच्या एकाच प्रतीत. दुसरी प्रत चांगली असते आणि तिच्या जोरावर त्या व्यक्तीची सगळी पेशीव्यवस्था नीट चालते. एखाद्या पेशीत पुढे ती चांगली प्रतही गेली, की तिथून गाठ सुरू होऊ शकते. म्हणजे गाठीतल्या पेशींना ही दुरुस्ती येत नाही, बाकीच्या शरीराला येते.

पायरी १: वंशावळ

रुग्णालयात जाण्याआधी एका दुपारी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला फोन लावा. आम्ही कागदावर पुरुषासाठी चौकोन आणि बाईसाठी गोल काढतो. तुम्ही नुसती नावं लिहिलीत तरी चालेल. तीन पिढ्या हव्यात, आणि आईची बाजू व वडिलांची बाजू वेगवेगळी हवी. इथे मराठी फार उपयोगी पडते. आत्या म्हटलं की बाजू कळली, मावशी म्हटलं की बाजू कळली. आतेबहीण, मामेबहीण, चुलतबहीण यांतल्या प्रत्येक शब्दात अर्धी वंशावळ लिहिलेलीच आहे. इंग्रजीत शिकलेल्या तरुण डॉक्टरांनी फाइलवर 'आंटी' लिहिलं असेल तर खोडून नीट लिहायला लावा.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी कळला, आता ती व्यक्ती आहे का. वय नक्की ठाऊक नसेल तर "धाकट्याच्या लग्नाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की बहुधा सापडतं.

नेहमी निसटणाऱ्या जागा अशा:

वडिलांची बाजू. स्तनाचा कॅन्सर बायकांचा, म्हणून तो आईकडूनच येणार अशी समजूत सुशिक्षित घरांतही दिसते. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर आहे आणि बीआरसीए२ तेराव्यावर. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी दोघांचाही संबंध नाही. दोष बापाकडून तितकाच येतो, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. बाप स्वतः ठणठणीत असू शकतो. त्याला बहिणीच नसतील तर त्या बाजूला वर्षानुवर्षं काही दिसतही नाही.

"पिशवी काढली." आपल्याकडे पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका घराघरांत आहेत. त्या वेळी अंडाशयं ठेवली की तीही काढली, हे विचारा. अंडाशयं लवकर गेलेल्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर झाला नाही, यावरून तिच्यात दोष नव्हता असं म्हणता येत नाही.

पुरुष. काकांच्या छातीत गाठ झाली होती का? आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता का? स्वादुपिंडाचा? हे तिन्ही बीआरसीए२च्या घरांत दिसतात.

आणि सासू. "माझ्या सासूबाईंना होता," असं काही जणी घाबरून सांगतात. सासूबाईंचा वारसा सुनेकडे येत नाही. पण सुनेच्या मुलीची ती आजी आहे, तेव्हा नातीच्या कागदावर तिचं नाव लागतं. एका घरात दोन वंशावळी असतात, एक तुमची आणि एक तुमच्या मुलांची.

पायरी २: आधी कुणाची चाचणी?

शक्य असेल तर जिला कॅन्सर झालाय तिची. नेमक्या याच जागी बरीच घरं उलट करतात. आईवर केमो सुरू असते, तिला आणखी त्रास नको म्हणून सत्तावीस वर्षांची निरोगी मुलगी स्वतः चाचणी करून येते, निगेटिव्ह रिपोर्ट बघून पेढे वाटते. पण आईत दोष आहे की नाही हेच माहीत नसेल, तर मुलीच्या निगेटिव्हमधून फारसं काही कळत नाही. कदाचित आईत दोष होता आणि मुलीत उतरला नाही. कदाचित आईचा दोष या चाचणीत न सापडणाऱ्या ठिकाणी आहे. आईत नेमका दोष सापडला, तर मुलीची तेवढ्याच जागेची स्वस्त चाचणी पुरते, आणि तिचं निगेटिव्ह मग खरोखर निगेटिव्ह असतं.

चाचणी कुणी करावी याचे निकष गेल्या काही वर्षांत सैल झाले आहेत. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कॅन्सर, कुठल्याही वयातला ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी दोन प्रथिनं) आणि हर२ (गाठ वाढवणारं एक प्रथिन) तिन्ही नसलेला कॅन्सर, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, अंडाशयाचा कॅन्सर, किंवा एकाच बाजूला दोन-तीन रुग्ण: यातलं एकही असेल तर विचारा. अमेरिकेतल्या दोन मोठ्या तज्ज्ञसंस्थांनी २०२४मध्ये ६५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक रुग्णाला चाचणी देऊ करावी असं म्हटलंय. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं लवकर दिसतो, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ बायका जुन्या निकषांतसुद्धा बसतातच.

पायरी ३: नमुना आणि चाचणीचा प्रकार

जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त, एवढंच. उपाशी राहावं लागत नाही, आणि केमो चालू असली तरी चालतं. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर मात्र आधी सांगा.

फॉर्मवर सही करताना दोन प्रश्न विचारा. पहिला: ही चाचणी रक्तावर आहे की गाठीवर? रक्तातून वारशाचा दोष कळतो. गाठीच्या तुकड्यात सापडलेला दोष फक्त त्या गाठीत नंतर तयार झालेला असू शकतो, आणि मुलांना काय सांगायचं हे त्यावरून ठरत नाही. दुसरा: मोठ्या तुकड्यांची वजाबाकी-बेरीज तपासणार का? नेहमीच्या वाचनात जनुकाचा अख्खा भाग गळालेला असेल तर तो कधी निसटतो. त्यासाठी एमएलपीए नावाची तपासणी किंवा तिच्या तोडीची पद्धत लागते.

फक्त दोन जनुकं बघायची की मोठं पॅनल, म्हणजे पुष्कळ जनुकं एकदम? मी सहसा मध्यम पॅनलच्या बाजूनं असते: बीआरसीए१, बीआरसीए२, पीएएलबी२, टीपी५३, आणि एटीएम, चेक२सारखी आणखी काही. टीपी५३ मुद्दाम सांगते, कारण तो दोष निघाला तर रेडिएशनचा निर्णय पुन्हा तपासावा लागतो. शंभर-शंभर जनुकांची पॅनलं आकर्षक वाटतात, पण त्यांतून उत्तरांपेक्षा शंका जास्त घेऊन लोक परततात.

कुठे जायचं, तर जनुकीय समुपदेशन मिळेल अशा ठिकाणी. मुंबईत टाटा रुग्णालयाचं, आणि खारघरला त्याच संस्थेच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, खास कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. नुसता घरी येऊन रक्त नेणारा आणि ईमेलवर रिपोर्ट टाकणारा मार्ग टाळा.

विम्याचं एका वाक्यात: २०१८मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनं आरोग्य विम्याच्या नव्या पॉलिसींत 'जनुकीय आजार' हे वगळणुकीचं कलम घालू नका असं कंपन्यांना सांगितलं, तरी पॉलिसीची बारीक अक्षरं चाचणीच्या आधीच वाचून ठेवा आणि फॉर्ममध्ये काही लपवू नका.

पायरी ४: रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट दहा पानी असला तरी पहिल्या पानावरच्या एका ओळीत सगळं असतं. उदाहरण घेऊ: "बीआरसीए१, सी.६८_६९डेलएजी, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक." ज्यू समाजात प्रसिद्ध असलेला हा बदल भारतीय घरांतही सापडतो.

जनुकाचं नाव कळलं. 'डेल' म्हणजे गळालं: ६८व्या आणि ६९व्या जागेवरची ए आणि जी ही दोन अक्षरं गेली. तीनशे कोटींतली दोन अक्षरं गेली तर बिघडलं कुठे? पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचते. आपल्याकडचं वाक्य घ्या: कमल दुपारी वाचत बसली. प्रत्येक शब्द तीन अक्षरी. आता 'दु' आणि 'पा' काढा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: कमल रीवाच तबस ली. पहिला शब्द शाबूत, पुढे सगळा कचरा. या दोषात नेमकं हेच होतं. थोड्याच अंतरावर त्या कचऱ्यात 'इथे थांबा' असा शब्द तयार होतो, आणि १,८६३ अमिनो आम्लांचं प्रथिन पहिल्या चाळीस आम्लांच्या आतच संपतं.

हेटेरोझायगस म्हणजे दोनपैकी एकाच प्रतीत.

शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. २०१५पासून प्रयोगशाळा पाच वर्ग वापरतात: पॅथोजेनिक (घातक), लाइकली पॅथोजेनिक (बहुधा घातक), व्हीयूएस, लाइकली बेनाइन (बहुधा निरुपद्रवी), बेनाइन (निरुपद्रवी). पहिले दोन म्हणजे पॉझिटिव्ह. शेवटचे दोन विसरून जा.

मधला व्हीयूएस म्हणजे बदल दिसतोय, पण तो घातक आहे का हे आज ठरवता येत नाही. आपल्या लोकांत हे जास्त निघतं, कारण तुलनेची माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. व्हीयूएसवरून स्तन काढू नका, अंडाशय काढू नका, घरच्यांची रांग लावू नका. पुढे निकाल लागतो तेव्हा यातले बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. रिपोर्ट फाइलला लावा आणि दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेला विचारा, वर्ग बदलला का? एका बाईनं व्हीयूएसवर रात्रभर इंटरनेट वाचून सकाळी शस्त्रक्रियेची तारीख मागितली होती. तिला परत पाठवायला मला तासभर लागला.

पायरी ५: पॉझिटिव्ह, आणि उपचार चालू आहेत

रिपोर्ट त्याच आठवड्यात ऑन्कॉलॉजिस्टच्या, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या हातात द्या, कारण तीन निर्णय त्यावर हलू शकतात.

पहिला शस्त्रक्रियेचा. दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचा धोका २० वर्षांत बीआरसीए१मध्ये सुमारे ४० टक्के आणि बीआरसीए२मध्ये २६ टक्के आढळलाय. गाठ तेवढी काढायची, एक स्तन की दोन्ही, हे या आकड्यांकडे, आजाराच्या टप्प्याकडे आणि स्वतःच्या मनाकडे बघून ठरवायचं. इथे घाई करायला लावणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, मग तो नवरा असो की सर्जन.

दुसरा केमोचा. कार्बोप्लॅटिनसारखी प्लॅटिनमची औषधं डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये गाठी मारतात. त्या सोडवायला जी दुरुस्ती लागते, तीच या कॅन्सरच्या गाठीला येत नाही. ब्रिटनमधल्या एका औषधचाचणीत पसरलेल्या कॅन्सरच्या बीआरसीए रुग्णांत कार्बोप्लॅटिनला ६८ टक्के प्रतिसाद मिळाला आणि डोसीटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाला ३३ टक्के.

तिसरा पार्प रोखणाऱ्या गोळ्यांचा. मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. डीएनएचा एकच धागा तुटला की पार्प नावाचं प्रथिन ते काम बघतं. त्याला गोळीनं अडवलं की एकेरी तुटणी तशाच राहतात आणि प्रत काढताना दुहेरी होतात. शरीरातल्या इतर पेशी बीआरसीएची चांगली प्रत वापरून त्या सांधतात. गाठीजवळ ती प्रत उरलेलीच नाही, म्हणून ती मरते. ज्या दोषातून गाठ जन्माला आली, तोच तिच्यावर उलटवायचा. प्रयोगशाळेत हे २००५मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, आणि २०१८मध्ये ओलापॅरिबला अमेरिकेत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. पुढे २०२१मध्ये, आजार पसरलेला नाही पण परतण्याचा धोका मोठा आहे अशा हर२ निगेटिव्ह रुग्णांत वर्षभर गोळ्या दिल्यावर तीन वर्षांनी ८५.९ टक्के जणी आजाराविना होत्या. गोळ्या न मिळालेल्यांत हे प्रमाण ७७.१ होतं. तुम्ही या गटात बसता का, हे नाव घेऊन विचारा. गोळ्या चालू असताना मळमळ आणि थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून रक्ताची तपासणी नेमानं करावी लागते. आणि गाठ कधी हुशारी करते: तिच्यात आणखी एक बदल होऊन मजकुराची तीन-तीनची घडी परत बसते, दुरुस्ती सुरू होते आणि गोळी चालेनाशी होते.

पायरी ६: पॉझिटिव्ह, पण कॅन्सर नाही

मुलगी, बहीण, आतेबहीण यांच्यासाठी. आधी आकडे, कारण घरात ते फुगवून सांगितले जातात. ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए१मध्ये सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए२मध्ये ६९ टक्के. अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. मोठे आहेत, पण ते सगळ्या आयुष्याचे आहेत, येत्या वर्षाचे नव्हेत.

पंचविशीपासून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी, वर्षाला एक एमआरआय, आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. तरुण वयात स्तन घट्ट असल्यानं एकट्या मॅमोग्राफीत गाठ लपते. एमआरआयची तारीख पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसांत बसवा. इतर दिवसांत केलेला एमआरआय उगाच ठिकठिकाणी उजळतो आणि मग नको त्या बायॉप्सी मागे लागतात.

अंडाशयासाठी भरवशाची तपासणी नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करत राहून निर्धास्त होता येत नाही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए१मध्ये ३५ ते ४०च्या दरम्यान आणि बीआरसीए२मध्ये ४० ते ४५च्या दरम्यान, अंडाशयं आणि नळ्या (अंडाशयाजवळच्या बीजनलिका) दोन्ही काढायचा सल्ला देतात. हे कॅन्सर बरेचदा नळीच्या टोकातच सुरू होतात, तेव्हा "नळ्या पूर्ण तपासायला पाठवा" असं सर्जनना आधी सांगा, तुकडा नको. पाळी अचानक बंद होते, हाडं आणि झोप यांची तयारी आधीपासून करावी लागते.

निरोगी स्तन काढून टाकणं हा तिसरा पर्याय. धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. अँजेलिना जोलीनं २०१३मध्ये हे जाहीर केल्यापासून सगळे त्याबद्दलच विचारतात, पण नियमित एमआरआयवर राहणं हाही शहाणा निर्णय आहे.

पुरुषांनी चाळिशीपासून प्रोस्टेटबद्दल डॉक्टरांशी बोलावं, विशेषतः बीआरसीए२ असेल तर. अठराच्या आतल्या मुलांची चाचणी करू नका. ती मोठी झाल्यावर त्यांचं ती ठरवतील.

पायरी ७: सांगायचं कसं

इथे घरं अडतात. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून, भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे म्हणून, नाहीतर "आत्याकडच्यांना कशाला" म्हणून. डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना कळवू शकत नाहीत, ते तुम्हालाच करावं लागतं. फोनवर रडू येतं आणि अर्धं राहून जातं, म्हणून मी लिहून पाठवायला सांगते. असं:

"दादा, माझ्या कॅन्सरच्या तपासणीत आपल्या आजोबांच्या बाजूचा एक जनुकीय दोष निघालाय. आत्याला जे झालं ते बहुधा यामुळेच असावं. तो तुझ्यातही असू शकतो, शक्यता निम्मी आहे. तुला काही होईलच असं नाही, पण तुझ्यात निघाला तर सईची तपासणी तिच्या पंचविशीत करता येईल. रक्ताची एकच चाचणी आहे. रिपोर्टचं पहिलं पान सोबत पाठवतेय, ते डॉक्टरांना दाखव, म्हणजे तेवढीच जागा तपासतील आणि खर्च कमी येईल. वाटल्यास मी तुझ्याबरोबर येईन."

पहिलं पान खरोखरच जोडा. दोषाची ती ओळ नसेल तर दादाची प्रयोगशाळा सगळं पहिल्यापासून वाचत बसेल.